बुलेटची चासी दोनदा पावडर कोट करावी लागली: गिरगावातल्या एका जुन्या गाडीचं प्रकरण

गाडी १९८६ सालची बुलेट ३५० स्टँडर्ड, चेन्नईतल्या तिरुवोत्तियूरच्या कारखान्यातली, काळी. उभी राहायची गिरगावात, चौपाटीपासून चालत पाच मिनिटांवरच्या गल्लीत, वर छप्पर नाही. इंजिनाचं काम आधीच झालेलं होतं. उरलं होतं ते चासीचं. काळा रंग पोपडे धरून उठला होता, डबल स्टँडच्या आजूबाजूला गंज दिसत होता, टूलबॉक्सच्या तळाला बारीक भोकं पडली होती. मालकाने सगळी गाडी खोलून चासी, मागचं चाक धरणारा चिमटा, दोन्ही स्टँड, इंजिनच्या पट्ट्या, बॅटरी कॅरियर, टूलबॉक्स, ब्रेकचा पायडल, चेन गार्ड आणि हेडलाइटचं ओतीव अ‍ॅल्युमिनियमचं डोकं असा ढीग एका पावडर कोटिंगच्या जॉबवर्कवाल्याकडे टाकला. पावडर कोटिंग म्हणजे प्लास्टिकची रंगीत भुकटी विजेच्या भाराने धातूवर बसवून भट्टीत वितळवणं. ते दुकान मुख्यतः लोखंडी कपाटं आणि खिडक्यांच्या ग्रिल रंगवणारं. जून महिना होता. तीन दिवसांत माल चकचकीत होऊन परत आला.

पुढच्या वर्षीच्या दिवाळीपर्यंत तक्रारींची यादी अशी झाली. इंजिनचे बोल्ट दर दोनशे-अडीचशे किलोमीटरला ढिले होत. हँडल सरळ असताना एका जागी अडकल्यासारखं होई, जोर लावला की बारीक ‘टक्’ होऊन सुटे. हॉर्न दबका वाजे आणि ब्रेक दाबला की इंडिकेटर मंद होई. मागचं चाक दोन्ही बाजूंच्या स्नेल कॅमची (चाक मागेपुढे सरकवून चेन ताणणाऱ्या खाचांच्या चकत्यांची) खूण एकाच आकड्यावर ठेवूनही तिरकं बसत होतं. पुढचा पावसाळा संपला तेव्हा हेडस्टॉकखालच्या (हँडलचा दांडा ज्यात फिरतो त्या चासीच्या पुढच्या नळीखालच्या) सांध्यातून तपकिरी पाण्याचे ओघळ उतरलेले दिसले, आणि उन्हाकडच्या बाजूचं काळं पांढुरकं पडलं होतं. बोट फिरवलं की बोटाला भुकटी लागत होती.

असं झालं की ‘पावडर कोटिंग जुन्या गाडीला चालत नाही’ असं म्हणून लोक मोकळे होतात. इथे पावडरचा स्वभाव दोषी नव्हता. पावडर कुठे बसू द्यायची नाही, हे कामाच्या आधी कोणी लिहून दिलं नव्हतं आणि कोणी विचारलंही नव्हतं. वरच्या सहा तक्रारींपैकी चार झाकायच्या जागा न झाकल्यामुळे आल्या होत्या. उरलेल्या दोन चुकीच्या पावडरमुळे आणि चुकीच्या धुलाईमुळे.

जाडी कुठे नडली

गाडी पुन्हा खोलल्यावर पहिलं काम जाडी मोजण्याचं. कोटिंगची जाडी दाखवणारं छोटं मीटर लोखंडावर टेकवलं की मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात, आकडा देतं. चासीच्या नळ्यांवर १३० ते १५० मायक्रॉन आले. नळीवर ही जाडी फार वाईट नाही, फक्त पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा दिसतो. सांध्यात मात्र तीच जाडी घातक ठरते.

इंजिनची पट्टी आणि चासीचा कान (बोल्टचं भोक असलेला भाग) यांच्यामधून जाणारा एक आरपार बोल्ट घ्या. डाव्या पट्टीची बाहेरची बाजू, आतली बाजू, डावा कान, उजवा कान, उजव्या पट्टीची आतली बाजू आणि बाहेरची बाजू, असे त्याच्या वाटेत पावडरचे सहा थर येतात. प्रत्येकी १४० धरले तरी ८४० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या पाऊण भागाहून जास्त प्लास्टिक बोल्टच्या दाबाखाली चिरडलं जातं. लोखंडावर लोखंड दाबलं की बोल्टचा ताण टिकतो. प्लास्टिकवर दाबलं की ते हळूहळू सरकत, पसरत, बारीक होत जातं आणि ताण कमी होतो. त्यात बुलेटचं एका सिलिंडरचं ठोके देणारं इंजिन आणि त्या इंजिनवरच टिकलेली चासी. पाना पुन्हा पुन्हा लावून उपयोग होत नव्हता तो यामुळे. दोन बोल्टच्या भोकांना त्या ढिलेपणाने लांबट आकार यायला लागला होता. आणखी एक वर्ष गाडी अशीच चालली असती तर कानांमध्ये बुश ठोकावे लागले असते.

हँडलचा अडकाही असाच. कोन सेटच्या, म्हणजे हँडल ज्यांवर फिरतं त्या गोळ्यांच्या बेअरिंगच्या, वाट्या हेडस्टॉकमध्ये घट्ट बसवायच्या असतात. भोकाच्या भिंतीवर पावडर होती, तरी वाटी हातोडीने ठोकली गेली. वाटीच्या कडेने पावडर सोलून निघाली, तिचा पापुद्रा वाटीखाली दुमडला आणि वाटी तिरकी बसली. मग गोळ्यांनी एकाच जागी खड्डे पाडले. वाट्या, कोन आणि गोळ्या असा नवा संच घ्यावा लागला. तो ऑपेरा हाउसच्या बाजारात सहज मिळतो, पण जोडणीत तिरकं बसू नये यासाठी भोक आधी लखलखीत लोखंडाचं पाहिजे.

चिमट्याच्या टोकांवर, जिथे स्नेल कॅम टेकतात, तिथे एका बाजूला पावडरचा ओघळ साचला होता. त्यामुळे दोन बाजूंच्या खुणा सारख्या असूनही चाकाचा दांडा तिरका बसत होता. हॉर्न आणि इंडिकेटरचा प्रश्न सगळ्यात सोपा: चासीला लागणारी अर्थची तार रंगावर घट्ट केली होती. विजेला परतीची वाट बोल्टच्या आट्यांमधून कशीबशी मिळत होती, म्हणून एक दिवा लागला की दुसरा मंद होई.

आट्यांचं दुखणं वेगळंच निघालं. पावडर भरलेल्या आट्यांमधून कोणीतरी मिलिमीटरचा टॅप फिरवला होता. या वयाच्या बुलेटवर अनेक आटे ब्रिटिश मापाचे असतात. तीन अष्टमांश इंचाचा सायकल आटा ९.५ मिलिमीटर व्यासाचा असतो, इंचाला २६ फेरे. त्यात एम १० चा टॅप घुसवला की जुना आटा कापला जातो आणि नवाही धड पडत नाही. खोलतानाच प्रत्येक बोल्टला चिठ्ठी बांधून आटा गेजने ओळखून लिहून ठेवणं हा अर्ध्या दिवसाचा उद्योग आहे, पण तो टाळला तर नागदेवीच्या गल्ल्यांमध्ये मापाचा बोल्ट शोधत दोन दिवस जातात.

चासी नंबराची गोष्ट जरा सविस्तर सांगायला हवी. तो हेडस्टॉकवर ठोकलेला असतो, खोली मिलिमीटरच्या काही दशांशांची. पावडर वितळून त्यात वाहते आणि आकडे बुजवते. पंधरा वर्षं झालेल्या गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नव्याने करताना आरटीओत नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासतात, त्या पेन्सिल प्रिंटवर आकडे उठले नाहीत तर काम तिथेच थांबतं. इथे पॉलिश पेपर किंवा कानस हातात घ्यायचा मोह होतो. तो कटाक्षाने आवरायचा. घासलेला नंबर खाडाखोड केलेल्या नंबरासारखा दिसतो, आणि मग कागदपत्रं खरी असूनही मालकाला उत्तरं देत बसावं लागतं. पेंट रिमूव्हर कापसाने लावून, दहा मिनिटांनी मऊ पितळी ब्रशने काढला की आकडे जसेच्या तसे उघडे होतात.

ओघळ आणि पांढुरकेपणा

पांढुरकं पडण्याचं कारण पावडरच्या जातीत होतं. घरात राहणाऱ्या कपाटांसाठी इपॉक्सी आणि पॉलिस्टर यांचं मिश्रण वापरतात. ती पावडर छान चिकटते, पण उन्हातल्या अतिनील किरणांनी तिच्यातला इपॉक्सीचा भाग तुटतो आणि वर भुकटी येते. बाहेर राहणाऱ्या वस्तूला वरचा थर शुद्ध पॉलिस्टरचाच हवा. दुकानात विचारताना ‘काळी ग्लॉस’ एवढंच सांगून भागत नाही. डब्यावरचं नाव बघायचं.

ओघळांचं मूळ धुलाईत होतं. कपाटाचा पत्रा सात टाक्यांतून नेतात: तेल काढणं, पाणी, गंज काढायचं आम्ल, पुन्हा पाणी, मग फॉस्फेट वगैरे. सपाट पत्र्याला हे उत्तम आहे. बुलेटच्या चासीत मात्र नळ्या ओतीव कानांमध्ये घुसवून पितळाने झाळलेल्या असतात. त्या फटीत आम्ल शिरतं ते साध्या पाण्याने बाहेर येत नाही. भट्टीत थोडं उकळून बाहेर पडतं, तिथे कोटिंगला फोड येतो. उरलेलं आतच राहतं आणि पुढे महिनोन् महिने लोखंड खात बाहेर झिरपतं. हेडस्टॉकखालचे ओघळ हेच होते. जुनी नळीची चासी आम्लाच्या टाकीत कधीही बुडवू नये. स्प्रिंगा आणि जास्त ताणाचे बोल्टही नाहीत, कारण आम्लातून पोलादात हायड्रोजन शिरतो आणि ते ठिसूळ होतं.

टाकी आणि मडगार्ड मालकाने पहिल्या वेळी पाठवले नव्हते, ते थोडक्यात वाचले. टाकीच्या तळाला जुन्या दुरुस्तीचे शिसे-कथलाचे डाग होते. अशी झाळ साधारण १८३ ते १९० अंशांत वितळते आणि पावडरची भट्टी १८० ते २०० अंशांवर चालते. मडगार्डवर लांबी भरलेली होती, तीही त्या उष्णतेत फुगून सुटते. शिवाय ज्या टाकीत कधी पेट्रोल होतं ती भट्टीत घालणं म्हणजे स्फोटाशी खेळ. या वस्तूंना दोन घटकांचा द्रवरूप रंगच, आणि टाकीवरच्या सोनेरी रेषा हाताने.

दुसरं काम

दुसऱ्यांदा काम डिसेंबरात घेतलं. मुंबईत हे महत्त्वाचं आहे. ब्लास्ट केलेलं, म्हणजे हवेच्या दाबाने खडा मारून साफ केलेलं, उघडं लोखंड जुलैत तासा-दीड तासात पिवळसर होतं. हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या खाली आणि लोखंडाचं तापमान दवबिंदूपेक्षा निदान ३ अंश वर, हा रंगकामाचा जुना दंडक पावसाळ्यात पाळणंच कठीण. पावडरही ओल धरून गुठळ्या करते.

आधीचं कोटिंग काढायला गॅसचा बर्नर वापरायचा नाही. वास विषारी असतो आणि पातळ पत्रा वाकतो. थेट ब्लास्ट केलं तर खडा पावडरवरून रबरावरून उसळावा तसा उसळतो आणि तिला कापत नाही. म्हणून आधी पेंट रिमूव्हर. मेथिलीन क्लोराइडचा असेल तर मोकळ्या हवेत, जाड हातमोजे घालून. चासीवर दोन हात लागले, मग पावडर कांद्याच्या सालीसारखी सुटली. नंतर सांध्यांच्या फटीत ५ टक्के खाण्याच्या सोड्याचं पाणी पिचकारीने सोडलं, भरपूर पाण्याने धुतलं, आणि चासी भट्टीत १२० अंशांवर तासभर वाळवली. सोड्याची ही पायरी नेहमी लागत नाही. इथे आम्ल आत अडकलेलं होतं म्हणून ती घेतली.

ब्लास्टिंगसाठी गार्नेटचा खडा, ८० मेशच्या चाळणीचा, दाब ४ ते ५ बार. नदीची वाळू स्वस्त पडते, पण तिच्या धुळीतला सिलिका फुप्फुसं निकामी करतो. ज्या ठिकाणी माणूस नुसता रुमाल बांधून वाळूने ब्लास्ट करताना दिसेल तिथून माल उचलून निघावं. टूलबॉक्ससारख्या पातळ पत्र्याला दाब २ बारपर्यंत खाली आणला आणि नोझल तिरकं धरलं, नाहीतर पत्रा फुगून पोट काढतो. चासी नंबरावर, हेडस्टॉकच्या दोन्ही तोंडांना आणि चिमट्याच्या बुशच्या भोकांना जाड रबर बांधलं होतं. ब्लास्टचा खडा नंबराच्या कडा बोथट करतो.

ब्लास्टनंतर डबल स्टँडजवळच्या खड्ड्यांत काही तासांतच काळे ठिपके परत आले. हे चौपाटीच्या हवेतलं मीठ. ते खड्ड्याच्या तळाशी चिकटलेलं असतं आणि खडा त्याला नुसता दाबतो. गोड्या गरम पाण्याने ब्रशने धुऊन, वाळवून, तेवढाच भाग पुन्हा ब्लास्ट केला. ठिपके आले नाहीत तेव्हाच पुढे गेलो असं धरायचं.

उघडं लोखंड हातात आहे तोवरच भेगा शोधायच्या. डाय पेनिट्रंटचे तीन डबे लागतात: साफ करायचा, लाल रंगाचा आणि पांढऱ्या भुकटीचा. लाल द्रव पंधरा मिनिटं मुरू दिला, पुसला, पांढरा फवारला. डबल स्टँडच्या ब्रॅकेटच्या वेल्डशेजारी वीस मिलिमीटरची लाल रेघ उमटली. पहिल्या कोटिंगखाली ती झाकून गेली होती. भेगेच्या टोकाला भोक पाडून, खाच करून वेल्ड केली, आणि लांबट झालेली दोन बोल्टभोकंही तेव्हाच भरून मापात आणली. कोटिंगनंतर वेल्डिंग म्हणजे सगळं पुन्हा पहिल्यापासून. पेनिट्रंट तेलकट असतो, म्हणून शेवटी पूर्ण चासी अ‍ॅसिटोनने पुसली. त्यानंतर उघड्या हाताने स्पर्श नाही.

धारदार कडा कानशीने अर्धा मिलिमीटर मोडल्या. पावडर वितळते तेव्हा कडेवरून मागे सरकते आणि गंजाची सुरुवात तिथूनच होते. याहून जास्त गोल करू नयेत, नाहीतर ओतीव कानांचा मूळ घाट हरवतो आणि चासी खेळण्यातली दिसायला लागते.

झाकण्याची यादी कागदावर करून भट्टीजवळ टांगली. आट्यांना सिलिकॉनच्या शंकूसारख्या बुच्या. सपाट तोंडांना २०० अंश सोसणारी हिरवी पॉलिस्टर पट्टी, बोल्टच्या वॉशरपेक्षा थोड्या मोठ्या व्यासाचे गोल कापून. साधी कागदी चिकटपट्टी भट्टीत करपते आणि तिचा गोंद लोखंडाला कायमचा बसतो. एकूण चोवीस जागा निघाल्या: इंजिनच्या पट्ट्यांची आणि कानांची सगळी तोंडं, कोन सेटची दोन्ही भोकं, चिमट्याची भोकं आणि दांड्याच्या खाचा, स्टँडचे पिन, अर्थचा एक बिंदू आणि नंबर. अर्थच्या बिंदूची जागा मालकाकडून आधीच पक्की करून घेतली होती, बॅटरी कॅरियरच्या मागे.

पहिला थर जस्त असलेल्या इपॉक्सी प्रायमरचा, ५० ते ६० मायक्रॉन. समुद्राजवळ राहणाऱ्या गाडीला हा थर लागतोच. तो भट्टीत पूर्ण भाजायचा नाही. वितळून नुसता धरला की बाहेर काढायचा, म्हणजे वरचं पॉलिस्टर त्याच्यात मिसळून बसतं. प्रायमर पूर्ण भाजला तर वरचा थर नंतर पत्र्यासारखा सुटा निघतो. वर काळं पॉलिस्टर, ६० ते ७० मायक्रॉन, ग्लॉस (चमकेचं माप) ८० च्या आसपास. मूळची चासी भट्टीत भाजलेल्या एनॅमलची होती, तिची चमक खोल पण काचेसारखी नव्हती.

बंदुकीचा व्होल्टेज नळ्यांवर ८० किलोव्होल्टपर्यंत चालतो. पण टूलबॉक्सच्या आतल्या कोपऱ्यांत आणि कानांच्या बगलेत विजेचं क्षेत्र आत शिरत नाही, पावडर तोंडालाच साचते. तिथे व्होल्टेज ४० ते ५० वर आणून, पावडर कमी सोडून, आधी कोपरे भरले आणि मग बाहेरचा भाग. बहुतेक ठिकाणी क्रम उलटा असतो, म्हणून कोपऱ्यात लोखंड दिसतं.

हेडलाइटचं ओतीव डोकं वेगळं हाताळलं. पहिल्या वेळी त्याच्यावर सुईच्या टोकाएवढी छिद्रं पडली होती, कारण ओतकामातल्या पोकळ्यांतला वायू भट्टीत बाहेर येतो. यावेळी रंगाआधी ते कोरडंच २१० अंशांवर अर्धा तास तापवून थंड केलं. बाजूच्या दोन छोट्या दिव्यांच्या कडाही झाकल्या, नाहीतर रबर बसत नाही.

भाजण्यात मोठी चूक अशी होते की भट्टीच्या काट्यावरचं तापमान पाहून घड्याळ लावतात. पावडरच्या कागदावर लिहिलेलं २०० अंश, १० मिनिटं हे धातूचं तापमान असतं. हेडस्टॉकच्या जाड कानात थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) खोचून मल्टिमीटर बाहेर काढला, तेव्हा तो भाग पातळ नळ्यांच्या जवळजवळ दुप्पट वेळाने तापला. हेडस्टॉक २०० ला आल्यावर दहा मिनिटं मोजली. पातळ भागाला थोडं जास्त भाजणं पॉलिस्टर सोसतं, जाड भागाचं कच्चेपण मात्र कोणी सोसत नाही.

चासीच्याच जाडीची एक लोखंडी पट्टी सोबत टांगली होती. तपासण्या तिच्यावर केल्या, चासीवर नाही. ब्लेडने दोन मिलिमीटर अंतरावर आडवे-उभे सहा-सहा काप घेऊन चिकटपट्टी उपटली, एकही चौकोन निघाला नाही. एमईके या रंग विरघळवणाऱ्या द्रवात भिजवलेल्या फडक्याने पन्नास वेळा मागे-पुढे घासलं, फडक्याला जेमतेम डाग आला. कच्चं भाजलेलं असतं तर चमक गेली असती आणि फडकं काळं झालं असतं.

हिरव्या पट्ट्या काम कोमट असतानाच, कडेने ब्लेड फिरवून काढल्या. गार झाल्यावर ओढल्या तर कडेचा पापुद्रा सोबत येतो. उघड्या तोंडांवर ग्रीसचा पातळ हात, नंबरावर ब्रशने पारदर्शक लॅकर. नळ्यांच्या आत पातळ केलेलं मेण पिचकारीने सोडून चासी दोन दिवस उलटीसुलटी ठेवली. हे भट्टीनंतरच करायचं, आधी केलं तर मेण धूर होऊन रंगात शिरतं.

जोडणीनंतर पहिले ५०० किलोमीटर झाल्यावर इंजिनचे बोल्ट तपासले, एकही हलला नव्हता. ताडदेवच्या आरटीओत पेन्सिल प्रिंट एका घासात उठला. पावसाळ्यानंतरच्या तपासणीत सांधे कोरडे होते. एकच दोष सापडला: डबल स्टँड जिथे थांबतो त्या अडणीवर लोखंडाला लोखंड आपटून आठ आण्याएवढा टवका गेला आहे. तिथे पावडर पुन्हा बसवता येत नाही. टवक्याची कड २४० च्या पॉलिश पेपरने उतरती केली, दोन घटकांचा इपॉक्सी प्रायमर ब्रशने लावला, वर काळं एनॅमल आणि त्या अडणीवर तीन मिलिमीटरचा रबरी तुकडा चिकटवला. रबर वर्षभरात झिजेल. ते दर जूनच्या आधी बदलायचं असं गाडीच्या वहीत लिहिलं आहे.